कोल्हापूरची दोन दिवसांची ट्रिप ठरवताय? पन्हाळ्यावरून परत फिरू नका, हातकणंगल्याच्या पुढंही जा

हातकणंगले म्हटलं की बहुतेकांना लोकसभेचा मतदारसंघ आठवतो. निवडणूक आली की हे नाव टीव्हीवर दिसतं, निकाल लागला की गायब होतं. कोल्हापूरला येणारे पर्यटक तर हे नाव रेल्वेच्या खिडकीतून वाचतात आणि पुढं जातात.

कोल्हापूरच्या दोन दिवसांच्या ट्रिपचा एक ठरलेला फॉर्म्युला आहे. शनिवारी सकाळी पोचायचं, अंबाबाईच्या रांगेत उभं राहायचं, दुपारी तांबडा-पांढरा हाणायचा, संध्याकाळी रंकाळा. रविवारी जोतिबा, पन्हाळा, चपला घ्यायच्या आणि घरी.

यात वाईट काही नाही. पण हिशेब मांडला तर कळतं, की अर्धा वेळ रांगेत आणि गाडी लावायला जागा शोधण्यात गेला. शिवाय जिल्ह्यातलं सगळ्यात देखणं जुनं देऊळ, म्हणजे खिद्रापूरचं कोपेश्वर, राहूनच गेलं. कारण सगळी गर्दी जाते पश्चिमेला आणि हे देऊळ आहे पूर्वेला.

त्याच दोन दिवसांत, फारशी ओढाताण न करता, दोन्ही बाजू कशा बघायच्या? कुठं किती वाजता जायचं, काय बघायचं, काय टाळायचं? सगळं सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घ्या, ही ठिकाणं एकाच कहाणीतली आहेत

साधारण हजार वर्षांपूर्वी या भागावर शिलाहार घराण्याचं राज्य होतं. हे राजे स्वतःला ‘श्रीमहालक्ष्मीलब्धवरप्रसाद’ म्हणवून घ्यायचे. म्हणजे महालक्ष्मीच्या वरानं सगळं मिळालेले. ही महालक्ष्मी म्हणजेच आपली अंबाबाई.

याच घराण्यातला शेवटचा मोठा राजा म्हणजे भोज दुसरा. पन्हाळा गड उभारण्याचं श्रेय त्यालाच दिलं जातं. आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिरही शिलाहारांच्याच काळातलं, साधारण बाराव्या शतकातलं मानलं जातं.

पुढं तेराव्या शतकाच्या सुरुवातीला देवगिरीच्या यादवांचा राजा सिंघण चालून आला. त्यानं भोजाचा पराभव केला आणि शिलाहारांचं राज्य संपलं. आता गंमत बघा. पन्हाळा जिंकणाऱ्या याच सिंघणाचा शिलालेख खिद्रापूरच्या देवळाच्या भिंतीवर आहे. म्हणजे पश्चिमेच्या गडावर सुरू झालेली गोष्ट पूर्वेच्या देवळात पुढं जाते. फक्त पन्हाळा बघून परत फिरणं म्हणजे इंटरव्हलला थिएटरमधून उठून जाणं.

कधी जायचं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. ऊन सोसतं, नद्या पात्रात असतात, रस्ते सुरू असतात.

किरणोत्सव बघायचा असेल तर तारखा लक्षात ठेवा. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, तसंच ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून थेट गाभाऱ्यात येतात. एका दिवशी देवीच्या चरणांवर, एका दिवशी छातीपर्यंत आणि एका दिवशी चेहऱ्यावर. ढग असतील किंवा किरणांच्या वाटेत एखादं बांधकाम आडवं आलं असेल तर किरणं पूर्ण पोचत नाहीत. त्यामुळे ‘नक्की दिसणारच’ असं धरून जाऊ नका. आणि गर्दी प्रचंड असते हेही धरून चाला.

नवरात्र आणि चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा हे भक्तीचे दिवस आहेत. शिल्पं निवांत बघायला हे दिवस नाहीत. तुमचा हेतू कोणता, ते आधी ठरवा.

जुलै-ऑगस्टमध्ये यायचं असेल तर एक सवय लावून घ्या. निघायच्या आदल्या दिवशी बातम्यांमध्ये राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पाणी ३९ च्या पुढं गेलं असेल तर पूर्वेकडचा बेत सरळ रद्द करा. खिद्रापूर कृष्णेच्या काठावर आहे आणि नृसिंहवाडी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोळ तालुक्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. पुरात अडकलेल्या गावात पर्यटक म्हणून जाऊन अडकणं हे गावावरच ओझं आहे.

पहिला दिवस : शनिवार, दिशा पश्चिम

जोतिबाला रविवारी सगळ्यात जास्त गर्दी, कारण रविवार हा जोतिबाचा वार. म्हणून पश्चिमेची बाजू शनिवारी उरकायची. फक्त एवढा बदल केला तरी बराच वेळ वाचतो.

सकाळी कोल्हापुरात उतरलात की आधी सामान खोलीवर टाका आणि थेट पन्हाळा गाठा. अंतर साधारण २० किलोमीटर. अंबाबाईचं दर्शन दुसऱ्या दिवशी पहाटे घ्यायचंय, त्यामुळे आज त्या रांगेचा विचार नको.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात पन्हाळा आहे. पण गडावर गेल्यावर अनेकांचा गोंधळ होतो. कारण पन्हाळा म्हणजे नांदतं गाव आहे. घरं, हॉटेलं, शाळा, सगळं गडावरच. वास्तू लांब लांब पसरलेल्या आहेत. म्हणून आधीच चार जागा ठरवून घ्या : तीन दरवाजा, त्याच्याजवळची अंधार बाव, अंबरखाना आणि सज्जा कोठी.

बघताना एक प्रश्न विचारत राहा, ‘हे कुणाच्या काळातलं?’ गड शिलाहारांचा, पण तीन दरवाजा आणि सज्जा कोठी आदिलशाही काळातल्या. आणि आपल्या मनात कोरलेली गोष्ट १६६० ची. सिद्दी जौहरचा वेढा आणि जुलैच्या पावसाळी रात्री महाराजांचं विशाळगडाकडे निसटणं. एकाच गडावर तीन-चार राजवटींचे थर आहेत. ते वेगळे करून बघितले की गड कळायला लागतो. अंबरखान्यात तर आवर्जून आत जा. गंगा, यमुना, सरस्वती अशी नावं असलेली ही धान्याची कोठारं आहेत. महिनोन्महिने वेढा सोसणारा गड काय खाऊन टिकायचा, त्याचं उत्तर तिथं मिळतं.

घाई नसेल तर एखादा स्थानिक गाइड घ्या. पैसे आधी ठरवा, आणि किती जागा दाखवणार तेही आधीच विचारा.

जोतिबाला जायचं असेल तर पन्हाळ्यावरून येताना जा. अंगावर नवा पांढरा शर्ट नको, कारण तिथं गुलाल उधळला जातो आणि तो सहजासहजी निघत नाही.

दुपारनंतर शहरात आलात की टाउन हॉल म्युझियम. हे अनेक जण सोडतात आणि इथंच चुकतात. पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. तिथं १९४० च्या दशकात उत्खनन झालं आणि सातवाहन काळातल्या वस्तीच्या खुणा सापडल्या. त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती निघाली. समुद्रापासून एवढ्या आत, सह्याद्रीच्या अलीकडे, रोमन जगाशी व्यापार चालायचा याचा तो पुरावा. ती मूर्ती याच म्युझियममध्ये आहे. सरकारी म्युझियम सहसा सोमवारी बंद असतात आणि संध्याकाळी लवकर मिटतात. म्हणून शनिवारी चारच्या आत आत शिरा.

दुसरा दिवस : रविवार, पहाट अंबाबाईची

रविवारी दहा वाजता अंबाबाईला गेलात तर दुपार रांगेतच होते. पहाटे गेलात तर देऊळ वेगळंच भेटतं. गारवा असतो, दगडावर दिव्यांचा उजेड असतो, आणि कोरीव काम बघायला जागा मिळते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. अंगभर कपडे घाला. गाभाऱ्याच्या बाजूला फोटो, व्हिडिओ काढू नका. सोबत वयस्कर माणसं किंवा लहान मुलं असतील आणि रांग लांब असेल तर मुखदर्शन घ्या. ते लांबून असतं, पण वेळ फार वाचतो.

दर्शन झालं की लगेच बाहेर पडू नका. देवळाला बाहेरून एक प्रदक्षिणा घाला. भिंतींवरच्या मूर्ती, नक्षी, खालचे थर बघा. हे देऊळ एका दमात बांधलेलं नाही, वेगवेगळ्या काळात त्यात भर पडत गेली. बाहेरून फिरताना ते लगेच जाणवतं.

साडेसात-आठला सामान गाडीत टाका आणि सांगली रस्त्याला लागा.

हातकणंगले : इथून फाटे फुटतात

कोल्हापूरहून साधारण २० किलोमीटरवर हातकणंगले लागतं. हे गाव आपल्यासाठी महत्त्वाचं आहे कारण इथून तीन वाटा निघतात. उत्तरेला बाहुबली, दक्षिणेला इचलकरंजी आणि पुढं पूर्वेला जयसिंगपूर, नृसिंहवाडी, खिद्रापूर. शिवाय मिरज-कोल्हापूर मार्गावरचं रेल्वे स्टेशनही आहे. म्हणजे रविवारी रात्री परतीची गाडी पकडायला पुन्हा कोल्हापूरला जायची गरज नाही. तिकीट काढताना आपली गाडी हातकणंगल्याला थांबते का एवढं तपासा.

स्वतःची गाडी नसेल तर? जयसिंगपूर, कुरुंदवाडपर्यंत एसटी मिळते, अधेमधे वडापही असतं. खरी अडचण कुरुंदवाडच्या पुढं आहे. खिद्रापूर हे टोकाचं गाव, पलीकडं कर्नाटक. म्हणून कुरुंदवाडच्या स्टँडवर आधी परतीच्या गाडीची वेळ विचारा, मगच पुढं जा. चार-पाच जण असाल तर दिवसाची गाडी ठरवणं सगळ्यात सोपं.

आणि क्रम महत्त्वाचा आहे. वाटेत बाहुबली आधी लागतं म्हणून तिकडं वळू नका. थेट खिद्रापूर गाठा. का, ते पुढं सांगतो.

खिद्रापूर : बारा वाजता तिथं असलंच पाहिजे

कोपेश्वर मंदिरात शिरलात की पहिल्यांदा लागतो स्वर्गमंडप. ४८ खांबांचा हा गोल मंडप, पण वर मधोमध छप्परच नाही. एक मोठा गोल मोकळा ठेवलाय, तिथून आभाळ दिसतं. आणि बरोबर त्याच्याखाली, जमिनीवर, तेवढीच गोल शिळा.

छप्पर पडलंय असं अनेकांना वाटतं. नाही, ते मुद्दामच तसं बांधलंय. ऊन वर आलं की त्या गोलातून प्रकाशाचा झोत आत उतरतो आणि दिवस सरेल तसा सरकत जातो. दुपारच्या आसपास तो मंडपाच्या मधल्या भागाच्या जवळ असतो. म्हणून अकरा ते एक ही वेळ चुकवायची नाही. कार्तिक पौर्णिमेच्या रात्री याच गोलातून चंद्र बघायला लोक येतात. तेव्हा गर्दी असते हे वेगळं सांगायला नको.

आता काय काय बघायचं ते क्रमानं.

पहिलं, स्वर्गमंडपाच्या कडेनं वर बघा. कार्तिकेय आणि आठ दिशांचे दिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेले दिसतील. कोण कुठल्या वाहनावर, हे मुलांना ओळखायला लावा. अर्धा तास सहज जातो.

दुसरं, खांब नीट बघा. एकाच खांबाचा भाग कुठं चौकोनी, कुठं अष्टकोनी, कुठं गोल होत जातो. हे सगळं काळ्या बेसाल्ट दगडात, हातानं.

तिसरं, आत सभामंडप आणि गाभारा. इथं अंधार असतो. डोळ्यांना दोन मिनिटं द्या. गाभाऱ्यात दोन शिवलिंगं मानली जातात. एक कोपेश्वर, दुसरा धोपेश्वर. कथा अशी, की दक्षाच्या यज्ञात सती गेली आणि शंकर कोपले, म्हणून कोपेश्वर. त्यांना शांत करायला विष्णू आले, ते धोपेश्वर. आणि इथं नंदी नाही! सती नंदीवर बसून माहेरी गेली म्हणून तो इथं नाही, तो नदीपलीकडं कर्नाटकातल्या यडूरला आहे, असं गावकरी सांगतात.

चौथं, बाहेरून गजपट्ट बघा. सगळं देऊळ हत्तींच्या पाठीवर तोलल्यासारखं दिसतं. आणि दक्षिणेच्या दाराजवळ तो सिंघणाचा देवनागरी लेख शोधा. देवळातले बाकीचे बहुतेक लेख कन्नडमध्ये आहेत, हा संस्कृत. आज आपण जी सीमा नकाशावर आखतो, ती या दगडांना माहीतच नव्हती.

पाचवं, गावात जवळच आदिनाथांचं जुनं जैन मंदिर आहे. पाच मिनिटं चालावं लागतं, आणि बहुतेक पर्यटक ते न बघताच गाडीत बसतात. तुम्ही तसं करू नका.

एवढं नीट बघायला दोन तास लागतात. ‘दहा मिनिटांत फोटो काढून निघू’ असा बेत असेल तर इतक्या लांब यायची गरजच नाही.

दुपार वाडीत, संध्याकाळ बाहुबलीला

खिद्रापुरात मोठ्या हॉटेलाची अपेक्षा ठेवू नका. येताना नृसिंहवाडीला थांबा. दत्ताचं दर्शन, घाटावर थोडी सावली, जेवण आणि वाडीची बासुंदी. घरी न्यायला पेढे आणि कवठाची बर्फी. पौर्णिमेला मात्र वाडीत पाय ठेवायला जागा नसते, ती तारीख टाळा.

मग पुन्हा हातकणंगल्याकडं आणि तिथून साधारण आठ किलोमीटरवर कुंभोजजवळ बाहुबली. डोंगरावरच्या जैन मंदिरांकडं जायला सुमारे ४०० पायऱ्या आहेत. म्हणूनच हे ठिकाण संध्याकाळसाठी ठेवलं. भर दुपारी या पायऱ्या चढलात तर दगड तापलेला आणि तुम्हीही.

इथं एक गैरसमज दूर करू. बाहुबलींची २८ फुटी पांढरी मूर्ती बघून अनेक जण ‘हजार वर्षांपूर्वीची मूर्ती’ अशी कॅप्शन टाकतात. ही मूर्ती विसाव्या शतकातली आहे. क्षेत्र जुनं आहे, मूर्ती नवी आहे. श्रवणबेळगोळच्या हजार वर्षं जुन्या मूर्तीशी गल्लत करू नका. त्यानं या मूर्तीचं देखणेपण कमी होत नाही, फक्त कॅप्शन बरोबर येते.

जैन मंदिरात जाताना चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवा. जेवायचं असेल तर दिवस मावळायच्या आत चौकशी करा, कारण जैन प्रथेत सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. आणि जाता-येता लागणारं कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचं जन्मगाव, हेही मुलांना सांगा.

तिथून हातकणंगले स्टेशन. रात्रीची गाडी. सोमवारी सकाळी ऑफिस.

बॅगेत काय हवं?

- पायमोजे. देवळात चप्पल चालत नाही आणि दगड तापतो.
- छोटी बॅटरी. मोबाइलची चालेल, पण थेट रंगकाम किंवा मूर्तीवर झोत मारत बसू नका.
- रोख आणि सुट्टे पैसे. टोकाच्या गावात नेटवर्क गेलं तर यूपीआयचा उपयोग नाही.
- पाण्याची बाटली, टोपी, आणि कचरा परत आणायला एक पिशवी.
- ड्रोन घरीच ठेवा. संरक्षित स्मारकांवर परवानगीशिवाय तो उडवता येत नाही.

एकच दिवस असेल तर?

मग सगळं कोंबू नका. दिशा एक निवडा. सोबत आई-बाबा किंवा आजी असतील तर पूर्वेला जा. खिद्रापूर सपाटीवर आहे, चढ नाही. वाडीलाही बसायला जागा आहे. बाहुबलीच्या पायऱ्या जमत नसतील तर खालूनच मूर्तीचं दर्शन घ्या. फक्त तरुण मंडळी असाल आणि गड चढायची हौस असेल तर पश्चिमेला जा.

शेवटची आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट : हात

अंबाबाईच्या मूर्तीची झीज झाली म्हणून २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तिच्यावर रासायनिक संवर्धन केलं. ही झीज कुणी हातोडा मारून केली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्यांचे अभिषेक आणि काळ, यांनीच ती केली. श्रद्धेनं वाहिलेल्या पाण्यानंही दगड झिजतो, तर रीलसाठी खांबाला टेकणाऱ्या, मूर्तीच्या खांद्यावर हात टाकणाऱ्या शेकडो हातांनी काय होत असेल?

आपल्या हाताला घाम असतो, तेल असतं. एका माणसानं काही होत नाही. पण प्रत्येक जण स्वतःला तो ‘एक माणूस’ समजतो. कोरीव कामातली बोटं, दागिने, हत्तींच्या सोंडा, हे सगळं पातळ असतं. ते एकदा तुटलं की पुन्हा बसवता येत नाही. केंद्रीय संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्याच्या भीतीनं नव्हे, साध्या हिशेबानं वागा. खिद्रापूरच्या या देवळानं राज्यं बदलताना पाहिली, कृष्णेचे पूर सोसले, आठशे वर्षं काढली. आपल्याला तिथं फक्त दोन तास काढायचेत. तेवढा वेळ हात खिशात ठेवता येतील.

फोटो काढा, भरपूर काढा. लोकेशन टाका, म्हणजे अजून लोक येतील. फक्त कॅप्शनमध्ये गावाचं नाव नीट लिहा : खिद्रापूर, तालुका शिरोळ, जिल्हा कोल्हापूर. आणि कुणी विचारलं ‘जायचं कसं?’ तर सांगा, हातकणंगल्याला उतरा, तिथून पुढं.